‘तीन वर्षं गेली, हवी ती अँटिबॉडी हाती लागली नाही. पीएचडी सोडू का?’

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात)

मी चोपडा तालुक्यातली, वय २८. बारावीपर्यंत गावाकडे, मग जळगावला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागली आणि पुण्यात पीएचडीला आले. विषय डेंग्यूचा. डेंग्यूचे चार टाइप असतात, त्यातल्या एकाच टाइपचं एनएस-वन प्रोटीन (डेंग्यू झाल्यावर रक्तात सापडतं ते) ओळखेल अशी मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून आलेली, एकसारखी) बनवायची. तीन वर्षं झाली. जे क्लोन (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचे वंश) मिळतात ते एकतर काही दिवसांनी अँटिबॉडी बनवणंच बंद करतात, नाहीतर चारही टाइपना चिकटतात. सर म्हणतात अजून एक फ्युजन कर, म्हणजे पेशी जोडण्यापासून परत सुरुवात. माझ्यासोबतच्या मुलीचे दोन पेपर आले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले तर वडील म्हणाले, ‘तुनं शिक्षण कव्हय व्हई?’ (तुझं शिक्षण कधी होणार?) आणि काका म्हणाले, ‘त्याना आपले काय उपेग शे?’ (त्याचा आपल्याला काय उपयोग?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी स्थळं बघणं चालू आहे. आता एका बायोसिमिलर (मूळ जैविक औषधांसारखीच औषधं बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसीची (दर्जा तपासणीची) ऑफर आलीय, महिन्याभरात जॉइन व्हायचंय. मला वाटतं रिसर्च आपल्यासारख्यांचं काम नाही. सोडू का?

उत्तर

तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते.

वर छापलाय तो सारांश आहे, मूळ पत्र खूप लांब होतं आणि ते वाचताना एक गोष्ट सारखी डोळ्यात येत होती. घरच्यांबद्दल तू चार ओळी लिहिल्यास, लग्नाबद्दल दोन, पगाराबद्दल एक, आणि क्लोनबद्दल जवळजवळ दीड पान, कुठल्या क्लोनचा सिग्नल किती आला, कुठला क्लोन पॅसेज केल्यावर (नव्या डिशमध्ये हलवल्यावर) बसला, प्लेटच्या कुठल्या खळग्यातल्या पेशी सुंदर दिसत होत्या आणि तरी एलायझात (अँटिबॉडी चिकटते का ते दाखवणाऱ्या टेस्टमध्ये) काहीच आलं नाही. ज्या माणसाचं मन एखाद्या कामातून उठलेलं असतं तो त्या कामाबद्दल असं लिहीत नाही गं. तू थकली आहेस आणि तुला लाज वाटतेय, हे मला कळतंय. पण थकणं वेगळं आणि मन उठणं वेगळं, आणि राजीनामा द्यायचा असेल तर या दोनपैकी कशामुळे देतोय हे आधी स्वतःला माहीत पाहिजे.

आता तुझं पहिलं वाक्य घेऊ, की तीन वर्षं वाया गेली. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे.

तुझे क्लोन चारही टाइपना चिकटतात याला तू अपयश म्हणतेस, कारण सिनॉप्सिसमध्ये (पीएचडीच्या आराखड्यात) लिहिलं होतं की एकाच टाइपला चिकटणारी हवी. पण डेंग्यूचे चारही टाइप एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, त्यांच्या एनएस-वनचे बरेच भाग सारखेच आहेत, मग उंदराच्या शरीरानं त्या सारख्या भागांवरच जास्त अँटिबॉडी बनवल्या तर त्यात नवल काय. आणि हे तर डेंग्यूचं सगळ्यात मोठं कोडं आहे. माणसाला एका टाइपचा डेंग्यू होऊन गेला की त्या टाइपपासून त्याला संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या टाइपचा झाला तर काही जणांना तो पहिल्यापेक्षा भयंकर होतो, कारण जुन्या अँटिबॉडी नव्या व्हायरसला चिकटतात पण त्याला निकामी करू शकत नाहीत, उलट पेशीत शिरायला त्याला वाट करून देतात. २०१७ साली फिलिपिन्समध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देणं थांबवावं लागलं, कारण ज्या मुलांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता त्यांना लस घेतल्यावर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो असं लस बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासातून दिसलं. म्हणजे ‘चिकटते पण कुठे चिकटते, कुणाकुणाला चिकटते’ हा प्रश्न या विषयाच्या अगदी मध्यावर बसलाय आणि तू तीन वर्षं त्याच प्रश्नाच्या प्लेटा लावतेयस. (तुझी अँटिबॉडी एनएस-वनवरची आहे आणि ते प्रोटीन व्हायरसच्या अंगावर नसतं, त्यामुळे हा धोका तिला तसाच्या तसा लागू होत नाही हे तुला माहीत आहे, बाकीच्या वाचकांसाठी सांगितलं.)

आणखी एक. डेंग्यूचं एनएस-वन कार्ड दवाखान्यात वापरतात तेव्हा पेशंटला कुठला टाइप आहे हे आधी कुणालाच माहीत नसतं. तिथे चारही टाइप पकडणारीच अँटिबॉडी लागते. तू जी फेकून देतेयस तिची कुणालातरी गरज आहे. फक्त ती डेंग्यूपुरतीच थांबते की झिकाला आणि जपानी मेंदूज्वरालाही चिकटते हे बघायला हवं, कारण तेही याच घराण्यातले व्हायरस आहेत. हे तू बघितलंयस का? पत्रात कुठे दिसलं नाही.

म्हणून पुढचं फ्युजन लगेच करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. सरांचा मान ठेवून सांगते, क्लोन निवडायची पद्धत (स्क्रीनिंग) तीच ठेवून नुसतं नवं फ्युजन केलं तर परत तेच हाती येईल. आधी सांग, पहिल्या एलायझाला फक्त तुझ्या टाइपची प्लेट लावली होतीस की त्याच दिवशी चारही टाइपच्या प्लेटा शेजारी शेजारी लावल्या होत्यास? फक्त एकच लावली असेल तर सगळ्यात जोरात सिग्नल देणारे क्लोन तू पुढे नेलेस, आणि त्यात चौघांना चिकटणारेच जास्त असणार, हवे असलेले दोन-चार कमजोर क्लोन तिथेच मागे पडले असतील. केळीला पील किती येतात, त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठले काढायचे हे वेळेत ठरवलं नाही तर घड पोसत नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही. इथेही निवड पहिल्या स्क्रीनिंगलाच असते, नंतर कितीही खत घाला.

जे क्लोन अँटिबॉडी बनवणं बंद करतात त्याचंही तसंच. हायब्रिडोमाचा हा स्वभावच आहे, दोन पेशी जोडून केलेली पेशी असते, ती क्रोमोसोम टाकत जाते आणि कधीकधी अँटिबॉडीचा जीनच टाकून देते, मग न बनवणाऱ्या पेशी बनवणाऱ्यांपेक्षा भराभर वाढतात आणि डिशभर तेच होतात. यात तुझा हात वाईट असण्याचा संबंध नाही. मात्र मायकोप्लाझ्माची (पेशींच्या डिशमध्ये नकळत शिरणाऱ्या बॅक्टेरियाची) टेस्ट शेवटची कधी केलीस ते बघ, आणि क्लोन चांगला दिसला की लगेच सबक्लोन करून (एकेका पेशीपासून परत वाढवून) दोन-तीन व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायची सवय लाव, पेपर आल्यावर फ्रीझ करू असं नाही. आणि आत्ता जो क्लोन जिवंत आहे त्याच्या अँटिबॉडीच्या दोन्ही भागांचं, हेवी आणि लाइट चेनचं, सिक्वेन्सिंग करून घे. हे फार महत्त्वाचं आहे. सिक्वेन्स हातात असला की पेशी मेल्या तरी अँटिबॉडी मरत नाही, कधीही परत बनवता येते. २०१५ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी नेचर या जर्नलमध्ये सह्या करून हेच मागितलं होतं, की बाजारातल्या कितीतरी अँटिबॉडी लेबलवर लिहिल्याप्रमाणे वागतच नाहीत, तेव्हा इथून पुढे अँटिबॉडी सिक्वेन्सनं ओळखली जावी. तुझ्या थेसिसमध्ये एक पूर्ण सिक्वेन्स केलेली, चार टाइप आणि शेजारचे व्हायरस यांच्यावर तपासलेली, कुठे बसते ते काँपिटिशन एलायझानं आणि ब्लॉटनं दाखवलेली अशी एकच अँटिबॉडी असली तरी तो भरपूर माल आहे, सोबत न जमलेल्या क्लोनचा प्रामाणिक तक्ता जोड.

आता काकांचा प्रश्न. ‘आपले काय उपेग शे.’ त्यांनी तो टोमणा म्हणून विचारला असेल किंवा खरंच विचारला असेल, पण प्रश्न म्हणून चांगला आहे आणि त्याला खरं उत्तर आहे, ते तुला त्या दिवशी सुचलं नाही इतकंच.

पावसाळ्यात सरकारी हॉस्पिटलात डेंग्यूचा संशय येतो तेव्हा पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन बघतात, त्यानंतर आयजीएम (पेशंटच्या शरीरानं बनवलेली अँटिबॉडी). सरकारी सेंटिनल (डेंग्यूवर नजर ठेवणाऱ्या) हॉस्पिटलांमध्ये आयजीएमचं जे एलायझा किट वापरतात ते पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) बनतं. म्हणजे गावाकडच्या पोराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे कुणीतरी पुण्यात बसून तुझ्यासारखंच काम केलं म्हणून कळतं. शेतात साप चावल्यावर जे एएसव्ही लावतात ते काय असतं? घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी. बेरिंग आणि किटासातो यांनी १८९० मध्ये अँटिटॉक्सिनचं जे तत्त्व दाखवलं त्यावरच आजही केळीच्या बागेत रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा जीव वाचतो. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनतं, त्यासाठी विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं म्हणून सगळीकडे ते सारखं लागू पडत नाही. यावर उपाय म्हणून घोड्याशिवाय, लॅबमध्ये बनवलेल्या माणसाच्या अँटिबॉडीवर काम चाललंय, बंगळुरूच्या आयआयएससीचे लोक त्यात आहेत, नाग-मण्यारच्या विषातल्या एका प्रकारच्या टॉक्सिनवर चालणारी अशी अँटिबॉडी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. उद्या तुला विषय बदलावासा वाटला तर खान्देशच्या मुलीसाठी यापेक्षा जवळचा विषय मला तरी दिसत नाही.

आणि काकांना पटेल असं हवं असेल तर केळीचंच सांग. हरण्या रोग आला की रोगट झाडं, कधी अख्खी बाग उपटावी लागते, तो सीएमव्ही व्हायरस, माव्यानं पसरतो, औषध नाही. टिश्यू कल्चरचं रोप शेतकऱ्याला देण्याआधी त्यात हा व्हायरस नाही ना हे तपासतात, आणि त्या तपासणीची एक जुनी भरवशाची पद्धत एलायझा, म्हणजे परत अँटिबॉडीच. तू जे डेंग्यूसाठी करतेस तेच कुणीतरी त्यांच्या रोपासाठी केलंय. पुढच्या वेळी घरी गेलीस की हे दहा मिनिटं बसून सांग, इंग्रजी शब्द बाजूला ठेवून, वडिलांना नक्की कळेल, ज्यानं आयुष्यभर पान बघून रोग ओळखलाय त्याला हे कळायला काय अवघड आहे.

पण हेही सांगते, उपयोग लगेच दिसला नाही म्हणून काम खोटं ठरत नाही. कोहलर आणि मिल्स्टाइननी १९७५ मध्ये केंब्रिजला हायब्रिडोमाची पद्धत काढली तेव्हा त्यांना औषध बनवायचं नव्हतं, अँटिबॉडी इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या कशा होतात हा त्यांचा प्रश्न होता, पेटंटसुद्धा घेतलं नाही. पहिलं मोनोक्लोनल औषध आलं १९८६ मध्ये, किडनी बदललेल्या पेशंटसाठी. ते उंदराचं असल्यामुळे पेशंटचं शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवायला लागलं, मग ती अर्धी माणसाची, पुढे जवळजवळ पूर्ण माणसाची करण्यात आणखी वर्षं गेली, रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये आलं. आज आपल्याकडच्या कॅन्सर पेशंटना ते मिळतं. मधल्या त्या वर्षांत कितीजणांच्या घरी हाच प्रश्न विचारला गेला असेल.

कंपनीच्या नोकरीबद्दल. तुझ्या पत्रात असा सूर आहे की रिसर्च म्हणजे उंच आणि क्यूसी म्हणजे हरून खाली येणं. हे डोक्यातून काढून टाक. बायोसिमिलर कंपनीतल्या क्यूसीत अँटिबॉडीची प्रत्येक बॅच तपासून सोडतात, ती किती शुद्ध आहे, टार्गेटला नीट चिकटते का, तितकंच काम करते का. ती सही चुकली तर पेशंटच्या शिरेत चुकीची गोष्ट जाते. तीन वर्षं स्वतःच्या क्लोनवर संशय घेत काम केलेली मुलगी तिथे उत्तम काम करेल, आणि पुण्यात या कंपन्या आहेत तोवर असं काम परतही मिळेल. कुत्रा चावल्यावर देण्याची मोनोक्लोनल अँटिबॉडी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं बाजारात आणली, तिच्याही मागे अशीच क्यूसीची माणसं आहेत. म्हणून तू गेलीस तर मला वाईट वाटणार नाही. मला वाईट वाटेल ते तू ‘आपल्यासारख्यांचं काम नाही’ असं म्हणत गेलीस तर.

हे ‘आपल्यासारख्यांचं’ म्हणजे नक्की काय? मराठी मीडियम? लॅब मीटिंगमध्ये इंग्रजीत प्रश्न आला की घसा कोरडा पडतो हे खरं आहे, ते मी हलकं करत नाही. पण पुण्याच्या लॅबमध्ये तुझ्या आजूबाजूला बघ, लातूरचे, चंद्रपूरचे, सांगलीकडचे किती जण आहेत आणि त्यातले किती जण तुझ्यासारखेच आतल्या आत घाबरलेत. बावस्कर डॉक्टर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आले, कोकणात महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंशावर काम केलं आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. इंग्रजी हे रोजच्या वापरानं येतं. प्रेझेंटेशनच्या आधी सगळं वाक्य न् वाक्य लिहून काढून मोठ्यानं म्हण, मैत्रिणीसमोर, त्यात कमीपणा काही नाही.

आता पैसा आणि मुदत, कारण निर्णय शेवटी यावरही येतो. तुझी जेआरएफ पाच वर्षांची आहे म्हणजे अजून साधारण दोन वर्षं हातात आहेत, आणि आता तू एसआरएफला (फेलोशिपच्या पुढच्या टप्प्याला) असशील, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ४२,००० आणि वर घरभाडं. ऑफरमधला हातात येणारा आकडा याच्याशी लावून बघ, सीटीसीचा नको. पैसे कधीकधी महिनोन् महिने अडकतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असला पाहिजे, नसेल तर आजपासून थोडा थोडा ठेव. युजीसीचे २०२२चे नियम तुझ्या रजिस्ट्रेशनला लागू होत असतील तर पीएचडीला सहा वर्षं मिळतात, विद्यापीठानं री-रजिस्ट्रेशन दिलं तर आणखी दोन, आणि बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअरसाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे नियम स्वतः वाच, ऑफिसमधला कुणी तोंडी सांगतो त्यावर जाऊ नकोस.

त्याच नियमांत रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटी आहे, दर सेमिस्टरला तिच्यासमोर काम मांडायचं असतं. आपली मुलं या कमिटीला परीक्षा समजतात आणि चांगलं तेवढंच दाखवतात. तू उलट कर. सगळ्या क्लोनचा तक्ता मांड आणि सरळ विचार की थेसिसचा प्रश्न ‘एकाच टाइपची अँटिबॉडी बनवणं’ याऐवजी ‘चारही टाइपना चिकटणाऱ्या अँटिबॉडी कुठे बसतात आणि त्यांचा टेस्टमध्ये काय उपयोग’ असा बदलता येईल का. सरांना आधी सांगून ठेव, कमिटीत अचानक काढलंस तर त्यांना ते लागेल. आधी मेलवर दोन पानं पाठव, मग भेट. कुठल्याही गाइडला ‘मला जमत नाही सर’ हे ऐकून काही करता येत नाही, ‘सर हा डेटा आहे, यातून हे निघतंय’ यावर करता येतं. आणि ते तरी नवं फ्युजनच धरून बसले तर कमिटीतल्या दुसऱ्या कुणाशी बोल, ती माणसं त्यासाठीच असतात.

लग्नाचं. घरचे सगळे एकाच बाजूला आहेत असं तू धरलंयस, पण तुझ्याच पत्रात आई फक्त एवढंच म्हणाली की तू बारीक झालीस. वडिलांना मुदत हवीय, ‘कव्हय’ हाच त्यांचा शब्द आहे, नको असं ते म्हणालेलेच नाहीत. मग त्यांना मुदत दे. साल सांग. ‘बघू, होईल’ यानं आईबाप जास्त घाबरतात. आणि स्थळ बघायचं असेल तर बघू दे, पण थेसिस पूर्ण होईपर्यंत पुण्यात राहणार हे पहिल्याच भेटीत, चहा घेताना, तुझ्या तोंडून गेलं पाहिजे, मध्यस्थाकडून नाही. ज्यांना चालणार नाही ते तिथेच कळतील, ते बरंच आहे.

ज्यांनी अजून पीएचडी सुरूच केलेली नाही अशा धुळ्या-नंदुरबारच्या, जळगावच्या मुलामुलींची बरीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. लॅब निवडताना संस्थेचं नाव बघण्याआधी त्या गाइडकडून गेल्या काही वर्षांत कोण कोण बाहेर पडलं आणि किती वर्षांत, हे त्यांनाच फोन करून विचारा, खरं तेच सांगतात. अँटिबॉडीचं काम घेणार असाल तर प्राण्यांच्या परवानगीला किती महिने लागतात आणि अ‍ॅनिमल हाऊस कुठे आहे ते विचारा, पहिलं वर्ष कित्येकांचं त्यातच जातं. नेट परीक्षेची जेआरएफ हुकली तर केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याच्या (डीबीटी) फेलोशिपही बघा, आणि राज्याच्या सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा, अटी दरवेळी नीट वाचून अर्ज करा. आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट कुठून तरी विकत किंवा उतरवून आणू नका, त्या चार महिन्यांतच कळतं की फसलेला प्रयोग परत लावायला आपल्याला आवडतं की नाही.

तर तुझ्याबद्दल माझं म्हणणं असं. महिन्याभरात सोडू नकोस, पण दोन वर्षं डोळे मिटून थांबूही नकोस. कंपनीला याच आठवड्यात मेल कर की जॉइनिंग काही महिने पुढे ढकलता येईल का, नाही म्हणाले तर ही ऑफर जाऊ दे. पुढच्या कमिटीपर्यंत नवं फ्युजन नाही, फक्त हातातल्या क्लोनचं काम, सिक्वेन्सिंग, शेजारच्या व्हायरसची प्लेट आणि काँपिटिशन. कमिटीनं प्रश्न बदलायला हो म्हटलं तर थांब आणि लिहायला लाग. नाही म्हणाले, आणि तुलाही रोज सकाळी लॅबकडे जाताना पोटात गोळा येत असेल, तर नोकरी शोध आणि मान वर करून जा, सिक्वेन्स आणि नोटबुकची प्रत लॅबमध्ये नीट ठेवून. आणि झोप लागत नाही असं पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून टाकलंयस, ते कमिटीच्या तारखेची वाट बघत ठेवू नकोस. संस्थेत काउन्सेलर असेल तर उद्याच वेळ घे, नसेल तर बाहेर डॉक्टरला दाखव. रात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

शेजारच्या व्हायरसच्या प्लेटवर काय आलं ते मात्र मला नक्की कळव, चिकटली तरी आणि नाही चिकटली तरी.